हातात दिलेला बॉल

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत, इंद्रजित साळोखे नावाचा एक फॉरवर्ड राहत होता. फुटबॉल हा त्याचा व्यवसाय पुढे झाला, पण पेठ त्याला सात वर्षांचा असल्यापासून फॉरवर्डच म्हणायची. पायात बॉल आला की या पोराला आईची हाकसुद्धा ऐकू यायची नाही.

तेव्हाचं मैदान आत्तासारखं नव्हतं, बरं का. आता हिरवीगार चटई अंथरलीय. तेव्हा नुसता मुरूम. पडलं की गुडघा सोलून निघायचा, आणि पोरं त्यावर तिथलीच माती दाबून परत पळायची. आज असं कुणी केलं तर डॉक्टर ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल. पण काय ते दिवस होते!

इंद्रजितचा जोडीदार म्हणजे अस्लम मुजावर, तालमीच्या फुटबॉल संघाचा गोली. रोज सकाळी सहाला इंद्रजित मारणार आणि अस्लम अडवणार. बाजूला हाताची घडी घालून उभे असायचे हिंदुरावमामा, तालमीचे वस्ताद. मूळचे पैलवान. कुस्तीत दोन्ही कान मोडून झाले, आता मोडायला काही उरलं नाही म्हणून फुटबॉलच्या नादाला लागले, अशी पेठ त्यांची चेष्टा करायची. अर्थात त्यांच्या पाठीमागं.

प्रॅक्टिस संपली की मामा दोघांना दूध कट्ट्यावर न्यायचे. समोर म्हशीची धार काढायची आणि फेसाळ पेला तसाच हातात. ओठावरचा फेस न पुसता दोघं भांडत बसायचे. तो बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर अर्धा अर्धा तास! मामा ऐकत बसायचे. निकाल कधीच द्यायचे नाहीत.

सतराव्या वर्षी एका स्पर्धेत गोव्याच्या एका मोठ्या क्लबानं इंद्रजितला हेरलं. पेठेत हलगी वाजली. चौकात त्याच्या फोटोचा बोर्ड लागला. आईनं कांदा-लसूण चटणीचा डबा बांधून दिला, आणि एस.टी. सुटेपर्यंत ती डब्याची गाठ घट्ट करत राहिली. अस्लम खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "जा मर्दा. आता मला जरा झोप तरी मिळंल."

व्यावसायिक खेळाडू झाला म्हणजे रोज गोल आणि रोज गुलाल, असं पेठेला वाटत होतं. तसं काही नसतं हो. पहिलं वर्ष इंद्रजितनं बाकावर बसून काढलं. दुसऱ्या वर्षी क्लबानं त्याला उसना म्हणून एका छोट्या क्लबाकडं पाठवलं. तिथं त्यानं चार गोल केले. तिसऱ्या वर्षी परत बोलावलं, मैदानात उतरवलं, आणि गोल आटले. दहा मॅच झाल्या तरी एक गोल नाही. चटणीचा डबा कधीच संपला होता. सुट्टीच्या दिवशी समुद्रावर बसून तो मुरमाचं मैदान आठवायचा आणि उगीचच डोळे पुसायचा.

हंगाम संपत आला तेव्हा क्लबाच्या प्रशिक्षकांनी त्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण आडपडदा ठेवणारा नव्हता. म्हणाला, "तुझा करार वाढवायचा की तुला सोडायचं, हे पुढची मॅच बघून ठरवणार. मला गोल पाहिजे."

पुढची मॅच होती कोल्हापुरात. तिथल्या एका चषकासाठी बाहेरचे क्लब बोलावले होते. चिठ्ठ्या टाकल्या, आणि इंद्रजितच्या क्लबासमोर आली त्याचीच तालीम.

झालं! पेठेत घरोघरी एकच विषय. मोठ्या क्लबाशी खेळायची तालमीची ही पहिलीच वेळ. या चषकासाठी पोरं सहा महिने पहाटे उठून पळाली होती. अस्लम आता दिवसा फाउंड्रीत काम करायचा, पण सकाळची प्रॅक्टिस त्यानं एक दिवस चुकवली नव्हती.

मॅचच्या दिवशी इंद्रजित मैदानात उतरला आणि त्यानं वर बघितलं. गॅलरीत सगळी ओळखीची तोंडं. दूधवाले काका, शाळेतले गुरुजी, पहिल्या रांगेत आई. समोरच्या गोलात अस्लम. त्याच्या मनात आलं, यांच्यावर कसा गोल करू? या मातीत मी वाढलो. जाऊ दे करार. एक दिवस यांना आनंद मिळू दे.

आणि त्यानं खेळ सोडला.

दहाव्या मिनिटाला तो एकटा गोलासमोर होता. त्यानं बॉल सरळ अस्लमच्या पोटावर मारला. विसाव्या मिनिटाला पुन्हा तसंच. चाळिसाव्या मिनिटाला तर बॉल असा सोडला की तो घरंगळत अस्लमच्या हातात गेला. गॅलरी नाचायला लागली. "अस्लम! अस्लम!" हलगीवाल्यानं तर हात मोडेपर्यंत हलगी बडवली. हाफ टाइमला दोन्हीकडं शून्य.

क्लबाच्या प्रशिक्षकांनी इंद्रजितला एवढंच सांगितलं, "दहा मिनिटं देतो. नंतर बाहेर काढणार."

तिकडं तालमीच्या पोरांत आनंदीआनंद चालला होता. अस्लम मात्र खाली बसला आणि त्यानं हातमोजे काढून ठेवले.

"काय झालं रं?" मामांनी विचारलं.

"मामा, मी उभा राहत न्हाई. ते बॉल मी अडवले न्हाईत. इंद्यानं ते माझ्या हातात आणून दिले." "लोक माझं नाव घेत्यात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय."

मामांनी हातमोजे उचलले आणि अस्लमच्या मांडीवर ठेवले. मग सत्तरीचा तो म्हातारा पैलवान अख्खं मैदान ओलांडून पलीकडं गेला. गॅलरी उठून बघायला लागली. दुसऱ्या संघाकडं असं जायचं नसतं, हे मामांना ठाऊक नव्हतं असं नाही.

इंद्रजित त्यांच्या पाया पडायला वाकला. मामांनी पाय मागं घेतले.

"इंदर, आम्ही भीक मागायला आलोय का रं?"

"मामा, तुम्ही माझी माणसं. तुमच्यावर पाय उचलत नाही."

"माझी माणसं म्हणतोस, आणि तुझ्यासंगं खेळायच्या लायकीचं समजत न्हाईस? हरलो तर हरलो म्हणून घरला जाऊ. रात्री घशाखाली घास तरी उतरंल. पण तू सोडलंस म्हणून जिंकलो, तर ते तोंड घेऊन कुठं जाऊ?"

इंद्रजितची मान खाली गेली. आपण करार पणाला लावून केवढं मोठं मन दाखवतोय, असं त्याला वाटत होतं. आता त्याची त्यालाच लाज वाटली. ज्या अस्लमनं हजारो सकाळी त्याचा प्रत्येक बॉल अंगावर घेतला होता, त्या अस्लमला त्यानं सगळ्या गावासमोर लहान केलं होतं.

"चुकलो मामा," तो म्हणाला.

"मग खेळ," मामा म्हणाले आणि परत फिरले.

दुसरा हाफ सुरू झाला. सहाव्या मिनिटाला इंद्रजितनं दोघांना चकवलं आणि डाव्या पायानं असा फटका मारला की अस्लम झेपावेपर्यंत जाळी हलली होती. गॅलरीतून शिव्यांचा पाऊस पडला. "फितूर! आपल्याच तालमीवर उलटलास?" आईनं पदर तोंडाला लावला. मामा मात्र कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तालमीची पोरं चिडून उठली. त्यांनीही मग असा खेळ केला की मोठ्या क्लबाला घाम फुटला. एक बॉल तर बारला लागून परत आला. गॅलरी शिव्या विसरली आणि खेळ बघायला लागली. पंचविसाव्या मिनिटाला इंद्रजितनं डोक्यानं दुसरा गोल केला.

मॅच संपायला दोन मिनिटं होती. इंद्रजितला पुन्हा बॉल मिळाला. समोर फक्त अस्लम. या वेळी त्यानं काहीही राखून ठेवलं नाही. अंगातली सगळी ताकद घालून त्यानं वरच्या कोपऱ्यात बॉल मारला. त्याच्या सबंध कारकिर्दीत तसा बॉल त्यानं पुन्हा कधी मारला नसेल.

आणि अस्लम उडाला. कसा उडाला, देव जाणे. बोटांची टोकं लागली, बॉल बारवरून बाहेर गेला, आणि अस्लम धप्पकन जमिनीवर पडला.

मग जो कल्ला झाला तो रंकाळ्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. हलगी, शिट्ट्या, आरोळ्या! आपण दोन गोलांनी मागं आहोत, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

शिट्टी झाली. तालीम हरली. इंद्रजितचा करार त्याच संध्याकाळी दोन वर्षांनी वाढला, आणि पुढे तो कितीतरी वर्षं, कितीतरी क्लबांकडून खेळला. पण ते नंतर. त्या वेळी तो धावत सुटला तो थेट अस्लमकडं. अस्लमचं बोट टम्म सुजलं होतं आणि तो रडत रडत हसत होता. पेठेची पोरं त्याला खांद्यावर घ्यायला आली, तर त्यांच्या आधी इंद्रजित त्याच्यासमोर वाकून बसला.

आपला फॉरवर्ड समोरच्या गोलीला खांद्यावर घेऊन मिरवतोय, हे बघून क्लबाचे प्रशिक्षक चक्रावले. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मामांना विचारलं, "हे लोक हरले ना?"

"हरलो की," मामा म्हणाले. "दोन गोलांनी हरलो. पण तो शेवटचा बॉल त्याचा त्यानं अडवलाय."

तात्पर्य: आपल्या माणसांना मुद्दाम जिंकू देणं हे प्रेम नव्हे, तो त्यांचा अपमान आहे. त्यांच्यासमोर पूर्ण ताकदीनं उभं राहावं, म्हणजे त्यांनी मिळवलेलं त्यांचं स्वतःचं ठरतं.