पंप कशानं गेला

"पण उस्ताद, जुन्या गाडीचा भरवसा कुणी द्यायचा? तुम्हीच सांगा."

इंद्रजित मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा उस्तादांनी चहा सांगितला होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते चहा पीत होते. आता कप रिकामा झाला होता.

उस्ताद म्हणजे मिरजेचे दस्तगीर मिस्त्री. वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून आता बोटांनी बघतात. जुन्या विलायती गाड्यांचं काम या भागात त्यांनी आणलं आणि आम्हाला शिकवलं.

आम्हाला म्हणजे मला आणि इंद्राला. मी हणमंत. तीस वर्षं झाली, याच पत्र्याखाली आहे. इंद्रा माझ्यानंतर आला, चार वर्षांत सगळं शिकला आणि कोल्हापूरला गेला. तिथं त्याचं वर्कशॉप आहे, काचेच्या दाराचं. पेपरात त्याचे फोटो येतात. खाली उस्तादांचं नाव असतं, फोटोत उस्ताद नसतात.

त्या दिवशी सकाळी तो एकटाच आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ज्याचं नाव घेऊन लोक मला टोमणे मारतात, त्याचं तोंड उतरलेलं बघायला मिळालं होतं. मग त्यानं गोष्ट सांगितली आणि माझं ते बरं वाटणं तिथंच संपलं.

गोष्ट अशी.

कोल्हापुरात प्रभुणे सर म्हणून आहेत. गणिताचे प्राध्यापक होते. नोकरीला लागल्यावर त्यांनी हौसेनं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, दोन सीटची, टप काढता येणारी. लग्न झाल्यावर बायकोला देवरुखहून त्याच गाडीतनं घरी आणलं. पुढं गाडी थकली, सरही थकले, आणि ती अकरा वर्षं आच्छादनाखाली उभी राहिली.

यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली. शालिनीबाईंनी हट्ट धरला की माहेरी जायचं ते त्याच गाडीतनं.

गाडी सुरू होईना. फ्युएल पंप गेला होता. या गाडीत तो मागच्या बाजूला, टाकीशेजारी असतो. टाकीतलं पेट्रोल ओढून पुढं इंजिनाला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. इंद्रानं नवा पंप मागवला, बसवला, गाडी चालू करून दिली.

दोघं देवरुखला गेली. तीन दिवस राहिली. परत येताना आंबा घाटात, चढाला, वळणावर गाडी बंद पडली.

श्रावणातलं धुकं होतं. सर मागं चालत गेले आणि वळणावर हात दाखवत उभे राहिले. दुधाच्या टँकरवाल्याला त्यांचा हातही दिसला नाही आणि गाडीही दिसली नाही.

शालिनीबाई गाडीतच होत्या.

याला तीन महिने झाले होते.

"पोलिसांनी धुकं लिहिलं," इंद्रा म्हणाला. "बाकी सगळे नशीब म्हणतात. मीही म्हणतो. पण झोप लागत नाही उस्ताद. तुम्ही एकदा हातात घेऊन बघा, आणि सांगा की पंपच मुळात खराब निघाला. तुम्ही म्हणालात की मला पुरे आहे."

त्यानं फडकं सोडलं. आत तो पंप होता. एका बाजूनं चेपलेला.

उस्तादांनी त्याला हात लावला नाही.

"ह्यो नवा." ते म्हणाले. "जुना कुठं हाय?"

"…भंगारात दिला."

"उघडलावतास?"

इंद्रानं मान खाली घातली.

या गॅरेजात एक रीत आहे. बाहेरचे मिस्त्री तिला हसतात. मेलेला पार्ट उघडून बघितल्याशिवाय त्याच्या जागी नवा बसवायचा नाही. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असलं तरी नाही. आधी मेलेल्याला विचारायचं, बाबा, तू कशानं गेलास? त्यानं सांगितलं की मगच नव्याला डब्यातनं बाहेर काढायचं.

शिकत होतो तेव्हा या रीतीपायी आम्ही दोघांनी उस्तादांना मनात कितीतरी शिव्या दिल्यात.

"उस्ताद, आता काळ बदललाय," इंद्रा म्हणाला. "पार्ट कुणी उघडत नाही. जुना काढायचा, नवा लावायचा. सगळीकडं असंच चालतं."

"आणि ह्यो? ह्यो उघडलास?"

"…नाही."

"तीन म्हैने झालं की."

"ड्रॉवरमध्ये होता."

उस्तादांनी मान हलवली. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "हणमंता, बारका पेचकस दे त्याला."

मी दिला. इंद्रानं पेचकस हातात घेतला. त्याच्या हाताकडं बघून आम्ही शिकाऊ पोरांना सांगायचो, हात असा पाहिजे. तोच हात पहिल्या स्क्रूवरनं दोनदा घसरला.

मी पुढं झालो.

"ऱ्हाऊ दे," उस्ताद म्हणाले. "त्याला करू दे."

सहा स्क्रू. त्याला बराच वेळ लागला. झाकण निघालं. आत पेट्रोल गाळायची बारीक जाळी असते. ती दिसतच नव्हती. तिच्यावर तांबडा गाळ लिंपलेला होता, वाळून घट्ट बसलेला. व्हॉल्व्हच्या खालीही तेच.



उस्तादांनी हात पुढं केला. बोटानं जाळी चाचपली, थोडा गाळ घेतला, अंगठ्यावर चोळला.

"गंज." ते म्हणाले. "पंपात गंज कुठनं येतो?"

"टाकीतनं."

"अकरा वर्सं उभ्या गाडीची टाकी."

"…होय."

"म्हंजे जुना पंप बी ह्येच्यानंच गेला."

"होय उस्ताद."

"मग पंप खराब निघाला म्हणू?"

इंद्रानं खाली बघितलं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "टाकी आतनं इतकी गंजली असेल हे वरनं कसं कळणार? मला आत्ता कळतंय."

उस्तादांनी ते तांबडं बोट नाकाशी नेलं. वास घेतला. मग तेच बोट त्यांनी इंद्राच्या नाकासमोर धरलं.

"वळख."

इंद्रानं तोंड फिरवलं.

बोट तिथंच राहिलं. म्हाताऱ्याचा हात, पण तसूभर हलला नाही.

"ह्यो वास तुला पयल्यांदा कवा आला?"

"आत्ता."



रस्त्यावरनं एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज दूर जाईपर्यंत उस्तादांनी बोट मागं घेतलं नाही.

"…त्या बुधवारी," इंद्रा म्हणाला. "जुना पंप काढायला पाइप सोडला तेव्हाच. सडका वास होता. हातावर दोन थेंब पडले, तेही तांबूस होते."

मी खाली बसलो.

"मला कळलं होतं उस्ताद. टाकी उतरवायला पाहिजे, धुवायला पाहिजे. दोन दिवसांचं काम होतं. पण दोघंही समोर उभी होती. काकूंनी घरनं माझ्यासाठी वड्या आणल्या होत्या. म्हणाल्या, उद्या सकाळी निघायचंय हो, होईल ना? मी दोन दिवस म्हणालो असतो तर त्यांचं तोंड एवढंसं झालं असतं…"

"मग काय म्हणलास?"

"म्हटलं, काकू, माझ्या हातून गेलेली गाडी थांबत नाही."

तो रडायला लागला. चाळिशी उलटलेला माणूस, पाना-पेचकसांच्या मधे बसून, आवाज न करता.

मला त्याचा राग आला आणि दयाही आली. आणि भीती वाटली ती माझी. माझ्याही हातून घाईत असे तीन-चार पंप गेले असतील. माझी गिऱ्हाइकं घाटात अडकली नाहीत, एवढाच त्याच्या-माझ्यात फरक.

उस्तादांनी बोट फडक्याला पुसलं. त्याला रडू दिलं. पाठीवरनं हात फिरवला नाही.

बऱ्याच वेळानं इंद्रा म्हणाला, "उद्या अकरा वाजता सर येणार आहेत."

"कशाला?"

"गाडी माझ्याकडंच आहे. मागचा भाग सगळा गेलाय. सर म्हणतात, मगदूम, तुम्हीच परत उभी करा, दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार नाही. तिची गाडी आहे."

उस्ताद ऐकत होते.

"त्यांना सांगून काय मिळणार आहे?" इंद्रा म्हणाला. आता त्याचा आवाज जरा चढला. "काकू परत येणार आहेत? माणूस एकटा राहिलाय. आज निदान माझ्यावर त्यांचा विश्वास तरी आहे. तोही काढून घेऊ? माझ्या नावाचं सोडा, नाव गेलं तर गेलं. पण त्यांचं काय? त्यांनी कसंतरी मन आवरलंय. त्यांना उगीच कशाला…"

"दोष कुणाला देत्यात?"

"काय?"

"प्रभुणे सर. झाल्या गोष्टीचा दोष कुणाला देत्यात? टँकरवाल्याला?"

"नाही. त्याचा तर ते शब्दही काढत नाहीत."

"धुक्याला?"

"नाही."

"तुला?"

"मला कशाला देतील? त्यांना कुठं माहीत आहे?"

"मग?"

पंपाचे सहा स्क्रू इंद्रानं तळहातावर घेतले होते, ते तो नुसता हलवत राहिला.

"इंद्रा."

"…स्वतःला."

"का?"

"काकू गाडीतनं उतरत होत्या म्हणे. सरांनीच त्यांना सांगितलं, बाहेर गारठा आहे, तू आतच बस." थांबून थांबून म्हणाला, "रोज तेवढंच बोलतात. भेटलं की तेवढंच. मगदूम, मी तिला बस म्हणालो…"

चहाच्या कपावर एक माशी बसली होती, ती उडवायलाही कुणाचा हात उचलला नाही.

तीन महिने एक म्हातारा माणूस कोल्हापुरात आपलं नसलेलं ओझं घेऊन फिरत होता. आणि ज्याचं ओझं होतं तो त्याला रोज भेटून, पाणी विचारून, माना डोलावून घरी जात होता.

हे इंद्राला त्या क्षणी कळलं की आधीपासून कळत होतं, मी सांगू शकत नाही. त्यानं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. हातातले स्क्रू खाली पडले, गडगडत गेले. मी ते वेचले.

उस्तादांनी पंप उचलला. झाकण वर ठेवलं, न आवळताच. गाळ तसाच आत राहू दिला. फडक्यात गुंडाळून, गाठ मारून त्यांनी तो इंद्राच्या मांडीवर ठेवला. मी वेचलेले स्क्रू द्यायला गेलो तर हातानंच नको म्हणाले.

इंद्रा त्या गाठोड्याकडं बघत बसला. मग उठला. दारापर्यंत गेला. उन्हात उभा राहिला आणि तिथूनच परत वळला.

"जातो. उद्या सांगतो त्यांना," तो म्हणाला. "सगळं सांगतो. वासाचंही सांगतो."

उस्तादांनी मान हलवली.

तरी तो जाईना. दाराची चौकट धरून उभाच राहिला. वर्कशॉप, नाव, फोटो, काहीच त्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी शिकायला आला होता तेव्हाही इतका घाबरलेला नव्हता.

"उस्ताद…"

"बोल."

"त्यांनी मला माफ केलं नाही तर?"

उस्तादांनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांचे ते अंधूक डोळे थोडा वेळ त्याला शोधत राहिले.

मग म्हणाले, "आणि केलं तर?"