खुर्चीमागे उभा राहिलेला पाहुणा

एकदा एका वृद्ध व्यापाऱ्याने लग्नाच्या जेवणात असे काही केले की भरल्या पंगतीने माना वळवून पाहिले. ते काय, हे सांगणारच आहे. पण आधी त्यांच्या शिष्याविषयी सांगायला हवे, कारण सगळा खटाटोप त्याच्यापायी होता.

लातूरकडच्या एका बाजारपेठेच्या गावात बसवंतअप्पा राहत. सारे आयुष्य धान्याच्या अडतीत गेले. आता दुकान मुलांच्या हाती होते, आणि अप्पा सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून गावातल्या होतकरू पोरांना व्यापाराच्या चार गोष्टी सांगत. वीरेश हा त्यांतला सर्वांत लाडका. हुशार, सरळ, आणि उतावळा तर विचारू नका! त्याला पुण्याच्या एका नामांकित संस्थेत एमबीए करायचे होते. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि संस्थेने कळवले की तुमचे नाव प्रतीक्षा यादीत आहे. होकार नाही, नकारही नाही. कुणी जागा सोडली तर विचार करू.

झाले! पोराचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी संस्थेच्या कार्यालयात फोन, दुपारी ईमेल. मामाच्या ओळखीने एका पुढाऱ्याची शिफारसही धाडून झाली. कोल्हापूरच्या एका कॉलेजाने चांगली जागा देऊ केली होती, तिच्याकडे बघून त्याने नाक मुरडले. वडिलांच्या अडत दुकानात पाऊल टाकणे बंद. आई ताट वाढून हाका मारी आणि हा मोबाइलकडे डोळे लावून बसे. शेवटी कार्यालयातल्या बाईंनी सुनावले, "अहो, सारखं सारखं विचारू नका. काही झालं तर आम्हीच कळवू."

तो रडकुंडीला येऊन अप्पांकडे गेला. "अप्पा, आता मी काय करू?"

"आज महादप्पांच्या मुलीचं लग्न आहे. चल माझ्याबरोबर."

"माझा इथं जीव चाललाय आणि तुम्ही लग्नाचं काय काढलंत?"

"जेवायला तर लागतंच की रे," अप्पा म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले.

मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अक्षता पडल्या न पडल्या तोच सगळे जेवणघराकडे धावले. पहिली पंगत बघता बघता भरली आणि हे दोघे राहिले. आता अशा वेळी आपण काय करतो? उगाच इकडेतिकडे बघू नका; तुम्ही केले आहे, मीही केले आहे. एखादा जेवणारा हेरायचा आणि त्याच्या खुर्चीमागे हात टेकून उभे राहायचे, जणू तिचा सातबारा आपल्या नावावर आहे. त्याने आणखी पुरी मागितली की आपण घड्याळ बघतो. वीरेशने नेमके हेच केले. ज्यांच्या पानात शेवटचा भात पडला होता असे एक जाडजूड गृहस्थ त्याने निवडले.

गृहस्थांनी मान वळवली. "काय पाहिजे?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

"बरं," असे म्हणून त्यांनी वाढप्याला हाक मारली, "अहो, इकडे बुंदी आणा! आणि दोन पुऱ्या." मग ते अगदी सावकाश जेवू लागले. मुद्दाम हो! पाठीशी कुणी उभे असले की घास उतरत नाही आणि राग मात्र चढतो.

अप्पांनी तिकडे यजमानांना गाठले. "महादप्पा, मी आलोय. जेवूनच जाणार. तुमच्या सोयीनं बोलवा." एवढे बोलून त्यांनी धोतराचा सोगा खोचला, एका घामाघूम वाढप्याच्या हातातली मठ्ठ्याची बादली घेतली आणि ते सरळ पंगतीत शिरले. गावातला एवढा मानाचा माणूस, आणि "मठ्ठा घ्या, मठ्ठा!" म्हणत पानापानांपुढे वाकतो आहे! लोक चकित झाले. वीरेशला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पंगत उठली. ते जाडजूड गृहस्थ सर्वांत शेवटी उठले. वीरेश बसणार तोच एका बाईंनी खुर्चीवर पर्स ठेवली. "ही आमच्या विहीणबाईंची जागा हं." तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात महादप्पा लगबगीने आले, त्यांनी अप्पांच्या हातातली बादली काढून घेतली आणि म्हणाले, "पुरे झालं अप्पा, लाजवू नका. या, आधी तुम्ही बसा." अप्पांनी शिष्याकडे बोट दाखवले, तेव्हा त्यालाही शेजारी जागा मिळाली.

परतताना अप्पांनी पिशवीतून एक फडके काढले आणि कार्यालयाबाहेरच्या गाईला दोन भाकरी घातल्या.

"अप्पा, लग्नाला येताना भाकरी?" वीरेशला हसू आवरेना.

अप्पा थांबले. म्हणाले, "बाळा, यजमानाला मी एकदा सांगितलं की मी आहे आणि मला जेवायचं आहे. न सांगता कोपऱ्यात बसलो असतो, तर त्यांना वाटलं असतं की अप्पा गेले. सारखा सांगत राहिलो असतो, तर वाटलं असतं की अप्पा कधी जातील. मग मी हातांना काम दिलं. महादप्पांनी ते पाहिलं. नसतं पाहिलं तरी चार माणसांना मठ्ठा मिळाला असता. तू मात्र खुर्चीमागे उभा राहून दुसऱ्याचं पान बघत होतास."

"आणि भाकरी?"

"जेवण संपलं असतं तर? महादप्पांच्या नावानं बोटं मोडत उपाशी घरी गेलो असतो. भाकरी होती, म्हणून तर हसत वाढता आलं."

 दुसऱ्या दिवशी वीरेशने कोल्हापूरची जागा घेतली आणि वडिलांच्या दुकानात जाऊन बसला. पुण्याच्या मुलाखतीत त्याला कुणीतरी विचारले होते, "तुमच्याच बाजारात एकाच्या तुरीला चांगला भाव आणि दुसऱ्याच्या तुरीला कमी, असं का?" अडत्याच्या या मुलाला उत्तर देता आले नव्हते. आता तो शेतकऱ्यांजवळ बसून विचारू लागला, आणि ओलसर मालाला भाव कमी मिळतो हे त्याला कळले. माल किती वाळलाय ते त्यांच्यासमोर तपासू लागला, तशी दुकानातली भांडणे कमी झाली. मग त्याने संस्थेला एकच ईमेल लिहिला: मला अजूनही यायचे आहे, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा येत नव्हते, आता थोडे कळले आहे, ते असे. त्यानंतर त्याने एकदाही फोन केला नाही.

संस्थेचा फोन आला तेव्हा तो तुरीच्या पोत्यापाशी होता. ऐकून घेतले आणि तसाच अप्पांकडे गेला.

"नाही झालं, अप्पा. यंदा कुणीच जागा सोडली नाही." त्याचे डोळे भरून आले.

"वाईट वाटतंय?"

"खूप."

"वाटू दे. वाटायलाच पाहिजे." अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला रडू दिले.

बऱ्याच वेळाने वीरेशने डोळे पुसले. "सोमवारी कोल्हापूरला निघायचंय. भाकरी बांधलेली आहे, अप्पा."

अप्पा हसले. "मग नीघ. आणि तिथं पोचलास की आधी बघ, मठ्ठ्याची बादली कुठं ठेवलीय."