ढोलीतली उंबरे

मुलांनो, दाट जंगलात ओढ्याकाठी एक जुने उंबराचे झाड होते. त्यावर एक वानरीण आपल्या दोन पोरांसह राहत असे. थोरला उतावळा होता. धाकटे पिल्लू अजून धड चालतही नव्हते, पण त्याला एक छंद होता. झाडाच्या खोडात खोल ढोली होती. तिच्यात ते वरून उंबर टाकायचे आणि कान देऊन बसायचे. तळाशी 'टप' वाजले की लगेच दुसरे टाकायचे.

"अरे, तुझ्या भावाला वेड लागलंय," कावळा म्हणायचा. "पिकली फळं मातीत घालतो!"

"घालू दे. तुझ्या बापाचं झाड आहे का?" असे म्हणून थोरला आणखी उंबरे तोडायचा आणि पिल्लाच्या हातात द्यायचा.

कधी आई ढोलीत उतरून लपायची. मग 'टप' वाजत नसे. उंबर तिच्या मऊ मांडीवर पडे, आणि "कुक!" करून ती ते वर फेके. पिल्लू हसून हसून लोळे. दिसेनाशी झाली तरी आई असते, हे ते असे शिकले.

एकदा भर दुपारी थोरला पिल्लाला पाठीवर घेऊन ओढ्यावरून परतला, तर आई नव्हती. एक पान हलत नव्हते. कावळा दूरच्या झाडावर जाऊन बसला होता आणि ओरडत नव्हता. थोरल्याने हाका मारून मारून घसा कोरडा केला. पिल्लू मात्र सरपटत ढोलीपाशी गेले आणि त्याने उंबर टाकले. 'टप' वाजले नाही. ते मऊ जागी पडले.

"आई आहे! लपलीय!" थोरला ओरडला आणि त्याने ढोलीत पाय घातला.

पिल्लाने त्याची शेपटी दोन्ही मुठींत पकडली.

"सोड रे! आई आहे आत!"

पिल्लू सोडेना. उंबर वर आले नव्हते. "कुक" आले नव्हते. एक मूठ सोडून त्याने दुसरे उंबर टाकले. तेही मऊ जागी पडले आणि तिथेच राहिले. मग आतला अंधार सावकाश सळसळला. पापणी न लवणारे दोन डोळे थोरल्याच्या पायाकडे पाहत होते.

त्याने पाय ओढून घेतला. आत अजगर वेटोळे घालून पडला होता. त्याचे पोट फुगले होते, आणि दोन्ही उंबरे त्या पोटाला टेकून होती.

आई तिथेच होती.

दोघे भाऊ आता ओढ्यापलीकडच्या झाडावर राहतात. त्यालाही ढोली आहे. पिल्लू फळ टाकते. 'टप' वाजते. ते दादाच्या तोंडाकडे बघते. तो आणखी एक फळ तोडून त्याच्या हातात देतो.

तात्पर्य : लहान मूल तीच वस्तू पुन्हा पुन्हा खाली टाकते, तेव्हा ते जगाला काहीतरी विचारत असते. त्याला हसू नये. आणि उत्तर आले की, ते नकोसे असले तरी ऐकावे.