सिस्टरांच्या टेबलाजवळची खाट

“अजून कसला पुरावा हवाय, बाई?”

तरुण डॉक्टर निनाद सोमणनं वही पुढे सरकवली. तीस वर्षं मुलांचा वॉर्ड सांभाळलेल्या डॉक्टर केळुसकरबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग बिस्किटाकडे. आधी बिस्किट खाल्लं. ते पडलं असतं.

“मेंदूला सूज आलेली चाळीस मुलं,” निनाद म्हणाला. “वीस जणांना आपलं जुनं मॅनिटॉल. अकरा घरी गेली. वीस जणांना नवं, जास्त मिठाचं सलाइन. एकोणीस घरी गेली.”

आकडे त्याला तोंडपाठ होते. नावं वहीत होती.

वहीखाली नोटीस होती. उद्यापासून सगळ्यांना नवंच, जुनं बंद. बाईंची सही तेवढी राहिली होती.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“नवं कुणाला दिलंस?”

“खिडकीकडच्या खाटांना. ते पंपावर द्यावं लागतं, आणि पंपाचे प्लग त्याच भिंतीला आहेत.”

“जुनं?”

“सिस्टरांच्या टेबलाजवळच्यांना.”

“हं...”

बाई उठल्या. पेन उघडंच हातात. निनाद मागोमाग.

वॉर्डात सिस्टर वैराळ एक खाट ढकलत होत्या. खिडकीकडून टेबलाकडे. खाटेवर पाच वर्षांचा रुपेश. सकाळी आईला ओळखत होता. आता हाक मारली तरी डोळे उघडत नव्हता. पंप खिडकीपाशीच राहिला होता. सोबत आलेल्या स्टँडला मॅनिटॉलची बाटली होती.

बाईंनी रुपेशच्या पापण्या उचलून टॉर्च मारला. बाटलीतले थेंब पाहिले.

“इकडे का आणलंत?”

“बिघडलं की इकडेच घेते, मॅडम. नजरेसमोर असलेलं बरं.”

रुपेशची आई खाटेचा दांडा धरून उभी होती. सोडेना.

“डॉक्टरीणबाई, पाया पडते. त्याला खिडकीपाशीच ऱ्हाऊ द्या. तिथली पोरं घरी जात्यात.”

बाई निनादकडे वळल्या.

“यांनीही तुझ्याइतकाच अभ्यास केलाय.”

निनाद हसणार होता. राहिला.

“रुपेश तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात?”

“सकाळी नव्या औषधाच्या...”

“आणि आता?”

“जुन्या. शेवटी जे चालू असतं ते धरतो.”

“असे टेबलाकडे आलेले किती?”

निनादनं वही उघडली. एक पान उलटलं. दुसरं. या वेळी तो नावं वाचत होता. बराच वेळ वाचत होता.

“म्हणजे नवं औषध वाईट?”

“असं म्हटलं मी?”

“मग चांगलं?”

“या वहीवरून तेही कळत नाही.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. रुपेशच्या आईचा हात दांड्यावरून सोडवून त्याच्या कपाळावर ठेवला.

“सिस्टर, वायरमनला बोलवा. तुमच्या टेबलाशेजारी एक प्लग हवाय.”