विळ्याचा मधला दात

लोखंडाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. विळे लाकडाचे असत. त्यांच्या खाचेत गारगोटीचे दात बसवत, आणि ते हलू नयेत म्हणून जमिनीतून आपोआप पाझरणारं डांबर लावत.

अशाच एका विळ्याचा मधला दात भारी तोंडाळ होता. "कापतो मी, झिजतो मी," तो डांबराला म्हणे, "आणि तू काळतोंडं नुसतं चिकटून बसलंयस!" डांबर त्याला घट्ट धरून राही.

एकदा ऐन सुगीत विळा नीट कापेना. म्हाताऱ्या मालकिणीने सुनेला हाक मारली, "अगं, जरा निखारे आण."

दाताला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जळणार आता हे काळं!

धगीवर डांबर मऊ झालं, आणि म्हातारीने मधला दातच उपटून काढला. मला? दाताला खरंच वाटेना.

"आत्याबाई, डांबरही नवं लावायचं का?" सुनेने विचारलं.

"छे गं! तापवलं की ते पुन्हा धरतं. माझ्या सासूच्या हातचं आहे. दात मात्र बोथटले की फेकायचेच."

भिरकावलेला दात कुंपणापलीकडे पडला. बघतो तर काय, तिथे बोथट दातांचा हा ढीग! आणि प्रत्येकाच्या बुडाला तेच काळं डांबर.

तेवढ्यात विळ्यातून नव्या दाताचा आवाज आला, "कापतो मी, झिजतो मी..."

"अरे, गप्प बस!" दात जिवाच्या आकांताने ओरडला.

"कशाला घसा फोडतोस?" शेजारचा दात म्हणाला. "आम्हीही तुला असंच ओरडून सांगत होतो."