शेंडीवाल्यांचे पाय

“यातला धड पायाचा कोणता, बाबा?”

सुभानबाबा ओंजळीतली ज्वारी अंगणात टाकत राहिले...

शाल्मलीने वाटेत मनाशी वेगळंच चित्र रंगवलं होतं. डोंगराखालचा फकिराचा तकिया, म्हणजे त्याचं राहतं ठिकाण, चिंचेची सावली, आणि त्या सावलीत ताठ मानेने फिरणाऱ्या शेंडीवाल्या कोंबड्या. डोक्यावर पिसांचा झुपका, खाली सरळ, मजबूत पाय. साऱ्या मुलखातून नाहीशी झालेली जात एका फकिराने जिवापाड जपलेली.

तकिया होता. चिंच होती. झुपके तर असे दाट होते, की काही कोंबड्यांना समोरचा दाणा मान वाकडी करून शोधावा लागत होता.

पण पाय!

कुणाचं बोट आत वळलेलं. कुणाचं मागचं बोट फिरून पुढे आलेलं. एका करड्या कोंबड्याला मागे एकाऐवजी दोन बोटं, म्हणजे चाराच्या जागी पाच. एक पांढरी कोंबडी पंजाच्या कडेवर चालत होती, तापलेल्या फरशीवर पाय टाकावा तशी.

शाल्मली परदेशात कोंबड्यांच्या पैदाशीचं शास्त्र शिकून आली होती. तिकडे शेंडीवाल्यांची प्रदर्शनं भरतात, माणसं त्यांच्यासाठी दूरदूरहून येतात. अशाच एका प्रदर्शनात उभी असताना तिला आपल्या गावचे शेंडीवाले आठवले होते, आणि तिथल्या तिथे तिने ठरवलं होतं: परत जायचं. जातीचा एक चांगला कळप उभा करायचा. पिल्लं गावात घरोघर द्यायची.

त्यासाठी तिला एक नर हवा होता, आणि चार-पाच माद्या. तेही याच हिवाळ्यात. तकियातल्या कोंबड्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या आणि दुसरीकडे कुठेच ही जात उरली नव्हती.

“बाबा, मी बघू का एकेक करून?”

“बघ की. त्यांना कुठं जायचंय?”

तिने पिशवीतून दोरे काढले. लाल आणि हिरवे.

एकेक पक्षी ती धरायची. उलटा करायची. पिसं फुंकरून बाजूला सारायची आणि बोटावर बोट फिरवत पंजा तपासायची. मग पायात दोरा बांधून सोडून द्यायची.

लाल. लाल. पुन्हा लाल.

“लाल म्हणजे काय, बेटी?”

“हे पुढे वाढवायचे नाहीत.”

“आणि हिरवा?”

“हिरवा अजून कुणाला बांधला नाही.”

बाबा हसले. “माझ्या अंगणात नुसता गुलाल केलास.”

ऊन कलेपर्यंत तिचं काम चाललं. शेवटी ओट्यामागे लपलेला एक तरणा कोंबडा तिच्या हाती लागला. सोनेरी तांबूस रंग, भरदार शेंडी. तिने त्याला उलटा केला, फुंकर घातली... आणि बोटं दोनदा मोजली.

चारही बोटं सरळ. मागचं बोट मागे. दुसऱ्या पायाचंही तसंच.

“हा!” ती ओरडलीच. “बाबा, हा मला द्या.”

“कोणताही घे. पण नर एकच देईन. दोन नर तुझ्या खुराड्यात नांदायचे नाहीत, आणि इथंही एखादा राहायला हवा.”

“एकच पुरे. हाच.”

“एवढी घाई? उद्या सकाळी सांग.”

“उद्याही हेच सांगणार.”

“मग उद्याच सांग.”

तिने हिरवा दोरा बांधला. तेवढ्यात कुंपणाकडून आवाज आला.

“फकिराच्या दारात शेंडीवाले, आणि शेंडीवाल्यांच्या पायात राख्या! काय चाललंय हे?”

भागूबाई होती. वरच्या आळीची. शाल्मलीच्या आईची मैत्रीण.

“मावशी, मी शालू.”

“वळखलं गं. तुझ्या आईनं सांगितलं, पोरगी इमानानं आली म्हणून. कोंबड्याचे पाय बघाया येवढं लांब जाऊन शिकलीस व्हय? माझ्याकडं आली असतीस तर चुलीम्होरं शिकवलं असतं.”

शाल्मली हसली. भागूबाईचं लक्ष मात्र सोनेरी कोंबड्यावर गेलं होतं. ती जवळ आली, खाली बसली, त्याचे पाय न्याहाळले. तिचा चेहरा एकदम बदलला.

“बाबा... ह्यो धड हाय?”

“धड आहे.”

“मला द्या ह्यो. हात जोडते. नातवाच्या तापात डोंगरावरच्या देवीआईला शेंडीवाला बोलले होते. पोरगं उठलं, खेळतंय, शाळंत जातंय. पर माझा नवस तसाच लटकलाय. कुठं धड शेंडीवाला मिळतच न्हाय. झोपताना रोज वाटतं, आई इचारंल...”

“मावशी,” शाल्मली म्हणाली, “आई दुसरा कोंबडा घेणार नाही का? साधा?”

“शेंडीवाला बोलले ना मी. बोलल्यावर साधा कसा चालंल?”

“पण हा एकच सरळ पायाचा आहे. हा गेला तर जातच जाईल.”

भागूबाईने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. “तुम्हीच सांगा.”

“शालूनं आधी मागितलाय,” बाबा म्हणाले. “उद्या सकाळी ती सांगेल. तिनं सोडला तर तुझा.”

“यीन मी सकाळी. टोपली घिऊनच यीन.” भागूबाई उठली. जाताजाता शाल्मलीच्या गालाला हात लावून म्हणाली, “तुलाबी नातू हुईल तवा कळंल, शाले.”

ती गेली.

शाल्मली आतून खवळली होती. भागूबाईवर तिला रागावता येत नव्हतं. राग बाबांवर निघाला.

“बाबा, रागावू नका. पण ही वेळ तुमच्यामुळे आली.”

“असेल.”

“इतकी वर्षं हा कळप तुमच्याकडे आहे. तुम्ही कधी निवडच केली नाही. आला तो ठेवला, जुळला तो जुळू दिला. वाकडे पाय असेच वाढतात. निवड करावी लागते, बाबा. कुणीतरी पाय बघायला हवे होते.”

बाबांनी पायाशी आलेल्या कोंबड्यांना मूठभर दाणे टाकले.

मग त्यांनी हात पुढे करून सोनेरी कोंबडा उचलला. त्याला उलटा केला. पिसांवर फुंकर घातली. आणि एकेका बोटावर बोट फिरवत, डोळे बारीक करून, पंजा तपासला.

शाल्मलीला हसू आलं. “माझी नक्कल करताय?”

“तुझी नाही.”

“मग?”

“भगताची. डोंगरावर, देवळाच्या पायरीपाशी. तो असाच बघतो.”

“काय बघतो?”

“बोटं. एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही, वाकडं तर नाहीच नाही. आईला अव्यंगच लागतो. धड असेल तो वर बळी जातो.”

“आणि नसेल तो?”

बाबांनी कोंबडा खाली सोडला. हात झटकले.

“भगत परत पाठवतो. परत आलेल्याला घरात कापायचं लोकांच्या जिवावर येतं. मग इथं आणून सोडतात.”

शाल्मलीने अंगणावर नजर फिरवली. लाल दोरे. सगळीकडे लाल दोरे.

“कधीपासून, बाबा?”

“माझ्या उस्तादांच्या उस्तादांनी पण असेच सांभाळले.”

ती ओट्यावर बसली. तिचं शास्त्र तिच्या डोक्यात आपोआप फिरू लागलं. पिढ्यामागून पिढ्या चांगला पाय वर गेला. वाकडा पाय खाली राहिला. जात टिकली ती वाकड्या पायांवर.

“म्हणजे निवड होत होती...”

“तू म्हणालीस ना, कुणीतरी पाय बघायला हवे होते.”

शाल्मलीने विचारलं, “मी याची पिल्लं काढली, सगळी सरळ पायाची, आणि घरोघर दिली, तर?”

“बायका दुवा देतील. भागूसारखं कुणाला अडून बसावं लागणार नाही.”

“सगळे वर जातील!”

बाबा पाण्याचं मडकं घेऊन आले.

“मग काय वाकडे वाढवू? मुद्दाम? ती बघा...” तिने पांढऱ्या कोंबडीकडे बोट दाखवलं. “तिला दुखतं, बाबा. पाऊल टाकताना दर वेळी दुखतं. जगावी म्हणून असलं दुखणं पिल्लांच्या पायात घालू? हे माझ्याच्याने होणार नाही.”

“मग नको करू.”

“सरळ वाढवले तर मरतात, वाकडे वाढवले तर रखडतात. मी करू तरी काय?”

“मला कोंबड्यांतलं काय कळतं? मी दाणे टाकतो.” बाबांनी पाण्याचं मडकं कलतं केलं, मातीचं पसरट भांडं भरलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “एक सांग. तू ज्यांना लाल दोरा बांधलास, त्यांतल्या किती जणांना आपला पाय वाईट आहे हे ठाऊक आहे?”

“असं कसं सांगता येईल?”

“मला नाही येत. तू शिकलेली आहेस.”

ऊन डोंगराआड गेलं. कोंबड्या चिंचेखाली जमू लागल्या. ही त्यांची चढायची वेळ. शाल्मली निघायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

पांढरी कोंबडी खालच्या फांदीवर उडाली, घसरली, पडली. पुन्हा उडाली, पुन्हा पडली. मग चिंचेच्या बुंध्याशी अंग आखडून बसली.

दुसरी एक, आत वळलेल्या बोटाची, धडपडत एका फांदीवर टेकली आणि हेलकावे खात राहिली.

तिसरीचं बोट जरासं कललेलं. ती सरळ वर गेली.

करडा कोंबडा एका फांदीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर गेला, फांदी घट्ट धरली, पिसं फुलवली आणि डोळे मिटले. त्याच्याही पायात लाल दोरा होता.

शाल्मली एकेकीकडे बघत राहिली. कोण घसरतं, कोण धरतं. अंधारात दोऱ्यांचे रंग दिसेनासे झाले, तेव्हा ती घरी गेली.

सकाळी ती आली, तेव्हा भागूबाई आधीच ओट्यावर बसली होती. मांडीवर टोपली, टोपलीत नवं फडकं. ती शाल्मलीकडे बघत राहिली.

“ठरलं?” बाबांनी विचारलं.

“ठरलं.”

शाल्मलीने सोनेरी कोंबडा धरला. त्याच्या पायातला हिरवा दोरा सोडला. मग त्याला छातीशी धरून ती भागूबाईकडे गेली आणि टोपलीत ठेवला. हात काढून घ्यायला तिला जरा वेळ लागला.

“नवस फेडा, मावशी.”

भागूबाईचे डोळे भरून आले. “शाले... आणि तुझं गं? तुझी जात?”

शाल्मली चिंचेकडे गेली. करडा कोंबडा नुकताच खाली उतरला होता. तिने त्याला उचलून आणलं.

“हा माझा.”

भागूबाईने त्याचा पाय हातात घेतला आणि कपाळावर आठ्या घातल्या. “अगं, पाच बोटं हायती ह्याला! भगत पायरीवर उभा करायचा न्हाय.”

“म्हणूनच, मावशी. हे बोट त्याला दुखत नाही, आडही येत नाही. आणि वाकड्या बोटापेक्षा याची मला खात्री आहे: हे पिल्लांत उतरतं. सगळ्या नाही, पण बऱ्याच पिल्लांत. ती चालतील, चढतील, फांदी धरतील. आणि पायरीवरून परत येतील.”

“आन कोंबड्या?”

“काल ज्या आपल्या पायांनी वर चढल्या, त्या. पांढरीची अंडी मी बसवणार नाही. पण ती राहील. तिच्यासाठी खाली एक फळी टाकून देते.”

भागूबाईने एकदा करड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “शिकलीस बाई,” ती म्हणाली. चेष्टा होती की कौतुक, ते तिच्या आवाजावरून कळलं नाही. टोपलीवर फडकं सारखं करून ती डोंगराच्या वाटेला लागली.

शाल्मली तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. वाट वळली. टोपली दिसेनाशी झाली.

मग तिने करड्या कोंबड्याच्या पायातला लाल दोरा सोडवला. दुसरा कोणताच बांधला नाही.

“बाबा...”

“बोल.”

“याची पिल्लं कुणी वर नेणार नाही, हे मला आधीच माहीत आहे. तेच बघून मी हा निवडला. भागूमावशीसारख्या बायका पुन्हा अडतील...” ती घुटमळली. “मी डोंगरावरच्या आईला फसवतेय का?”

सुभानबाबा डोंगराकडे बघत राहिले. वर देवळाची घंटा कुणीतरी एकदा वाजवली... आवाज खाली यायला थोडा वेळ लागला.

“ते बोट काय तू लावलंस, बेटी?”