पांगाऱ्याचा पत्ता

माणसांची पायवाट अजून कड्यापर्यंत पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कड्याच्या कपारीतल्या पोळ्यात रेवाबाई नावाच्या मधमाशीची शाळा होती. मधमाश्या नाचूनच एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात. रेवाबाई पांगाऱ्याच्या झाडाचा पत्ता शिकवायच्या आणि एकीचंही पाऊल चुकू द्यायच्या नाहीत.

जवळच्या फुलांवर भागत असल्याने पांगाऱ्यापर्यंत जायची वेळ कधी आलीच नव्हती. एका वर्षी मध संपला. पोळ्यातली पिल्लं भुकेने वळवळू लागली. राणीने रेवाबाईंचा वर्ग पांगाऱ्यावर धाडला. संध्याकाळी सगळ्या रिकाम्या परतल्या.

"बाई, आम्ही अगदी नाचाप्रमाणे गेलो," मैना नावाची वर्गातली सर्वांत हुशार माशी म्हणाली. "तिथे नुसता कुजका बुंधा आहे."

"अगं, तो पांगारा माझ्या आजीच्या वेळीच पडला," एक म्हातारी माशी म्हणाली. "रेवा, तू शेवटची कधी गेली होतीस तिकडे?"

रेवाबाईंची मान खाली गेली. "मी पोळ्याबाहेर कधी गेलेच नाही. माझ्या बाईंनी शिकवलं, तेच मी शिकवलं."

कुणी त्यांना बोल लावला नाही. त्यामुळे त्यांना जास्तच लाज वाटली.

"वाटेत करवंदीला पांढरी फुलं होती," मागच्या रांगेतली झुमकी हळूच म्हणाली. "थांबू या म्हटलं, तर ह्या सगळ्याजणी म्हणाल्या, नाचात करवंद नाही."

दुसऱ्या दिवशी झुमकी पुढे आणि वर्ग मागे, अशा सगळ्या निघाल्या. रेवाबाई पोळ्याच्या तोंडाशीच घुटमळल्या. उन्हाने त्यांचे डोळे दिपले.

"बाई, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं," झुमकी म्हणाली. "या, मी हळू उडते."